निळ्या डब्याची तपासणी

आधीच माफी मागते. लिहिणं हे आमच्या घरात कुणी केलेलं काम नाही. आमच्याकडे सहीपुरतं लिहितात आणि सही झाली की पेन ज्याचं त्याला परत देतात. मी बी.कॉम. झाले, आता एम.कॉम. करते आहे, पण ताळेबंद मांडणं वेगळं आणि माणूस मांडणं वेगळं. ताळेबंदाच्या दोन बाजू शेवटी जुळतात तरी. ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे त्यांच्या बाजू कधीच जुळल्या नाहीत. पण वसतिगृहात मी त्यांच्या गोष्टी सांगते तेव्हा मैत्रिणी म्हणतात, "चल, असा माणूस असतो का कुठे?" म्हणून वाटलं, जमेल तसं लिहावं. असा माणूस आहे, लोणावळ्यात आहे. नाव लिहीत नाही. लिहायची परवानगी मागायला गेले असते तर त्यांनी आधी हे पानच तपासायला घेतलं असतं आणि ते पुढची दोन वर्षं त्यांच्याकडेच राहिलं असतं. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते.

आबा देहूरोडच्या लष्करी डेपोत तपासणीच्या खात्यात होते. बाहेरून आलेला माल, म्हणजे बूट, कंदील, दोरखंड, ताडपत्र्या, घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, तपासणी सुटली नाही. लोणावळ्याच्या बाजारातला छत्रीवाला आबांना लांबून येताना पाहिलं की दुकानाबाहेर पाण्याची बादली आणून ठेवायचा. कारण आबा छत्री घेण्याआधी ती उघडून तिच्यावर पाणी ओतत आणि दांड्याशी हात धरून उभे राहत. गिऱ्हाइकं बघत राहायची. एकदा कुणीतरी पर्यटक म्हणाला, "काका, पाऊस पडणारच आहे की थोड्या वेळात." आबा म्हणाले, "पाऊस पडल्यावर कळून काय उपयोग? तेव्हा मी तिच्याखाली असेन."

काडेपेटी आणली की पहिल्या काही काड्या ओढून बघायच्या. पावाची लादी दाबून सोडायची आणि ती परत फुगते का बघायचं. एवढंच काय, मावशींना, म्हणजे आबांच्या बायकोला, बघायलाही ते एकदा जाऊन थांबले नव्हते. मावशी हे कुणीही आलं की सांगायच्या. "पुन्हा पुन्हा यायचे. शेवटी माझे वडील म्हणाले, पाहुणे, मुलगी बघताय की तोफ?"

"मग पास केलं ना?" आबा वर्तमानपत्रामागून विचारायचे.

"तुम्ही केलंत हो. मला कुणी तपासणी करू दिली का?"

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला आले ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. आमचं गाव बेडसे लेण्यांच्या खाली. एरवी तिथून एसटीने कामशेत आणि कामशेतहून लोकलने लोणावळा असं कॉलेजला जाता येतं, पण पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसतो. वडील मला घेऊन खोली बघायला आले. त्यांनी खिशातून अनामत रक्कम काढली तर आबांनी हात मागे घेतले. म्हणाले, "आधी मुलीला एक रात्र राहू द्या. छत गळतंय का, पंखा वाजतो का, शेजारचं कुत्रं भुंकतं का, ते तिला कळू द्या. मग पैसे."

वडील बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "मानूस जरा येगळा हाय. पर ऱ्हा तू हितंच."

छत गळत होतं. मी भीतभीत सकाळी सांगितलं. आबांना इतका आनंद झाला! "बघ! मी म्हटलं होतं ना!" आणि त्यांनी त्याच दिवशी कौलं बसवणारा माणूस बोलावला. तेव्हापासून माझ्यावर त्यांचा विश्वास बसला. मी वाणिज्य शाखेची म्हणून त्यांनी मला नाव ठेवलं 'कॉमर्स'. "ए कॉमर्स, चहा घेतलास का?" "कॉमर्स, तुझी ओढणी दारात अडकलीये."

शेअरचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. लागला म्हणजे काय, तर आबांनी कधी एकही शेअर घेतला नव्हता. ते फक्त तपासत होते. आणि तेही एकाच धंद्यातले: घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे. बाकी धंद्यांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "एका वेळी एकच माल टेबलावर."

हाच माल का, याची त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अजून पटते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी ते मावशींना घेऊन नागफणीच्या कड्याच्या बाजूला, कुरवंडे गावाकडे फिरायला गेले होते. धुकं हटलं होतं, दरी तळापर्यंत दिसत होती. आणि मुंबईहून आलेली झाडून सगळी मंडळी कठड्याला टेकून दरीकडे पाठ करून उभी होती, फोन डोक्याच्या वर धरून, नेट मिळतंय का बघत.

"हजारो रुपये खर्चून माणसं दरी बघायला येतात," आबा म्हणायचे, "आणि जी वस्तू मिळेना म्हणून दरीकडे पाठ करतात, ती वस्तू बुडणार नाही. विकणारा बुडू शकतो. म्हणून विकणारा तपासायचा."

मी कॉलेजात गुंतवणुकीचा विषय घेतला होता. आमच्या सरांनी शिकवलेलं मी आबांना संध्याकाळच्या चहाला सांगायची. शेअरची किंमत कमाईच्या किती पट आहे, कंपनीवर कर्ज किती, दर वर्षी नवी गिऱ्हाइकं किती येतात आणि जुनी किती सोडून जातात. कॉलेजच्या संगणकावरून वार्षिक अहवाल छापून आणायची. आबा चष्मा पुसून अहवाल घ्यायचे आणि पहिली सगळी रंगीत पानं उलटून थेट मागे जायचे. अध्यक्षांचं भाषण ते वाचत नसत. "माल आणणारा ठेकेदार कधी मालाला वाईट म्हणतो का?" ते फक्त बारीक अक्षरातली टिपणं वाचत आणि त्यातही 'परंतु' अशा अर्थाचं वाक्य आलं की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारत. एखाद्या अहवालात अशी वाक्यं फार निघाली की मला म्हणायचे, "कॉमर्स, या कंपनीचं पोट बिघडलंय."

आमचे वाद व्हायचे. मी म्हणायची, "आबा, या कंपनीची गिऱ्हाइकं दर वर्षी वाढताहेत."

"आणि रस्ते खणायचा खर्च?"

"तोही वाढतोय. पण एकदा तार टाकली की झालं."

"एकदा? अगं, आपल्याकडे पालिका दर वर्षी तोच रस्ता नव्याने शोधून काढते."

मग मी विचारायची, मोबाइलवरचं नेटच इतकं वेगवान झालं तर घरात तार घेणार कोण? यावर आबा पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचे. ही भीती त्यांनाही होती. लोणावळ्यातले अर्धे बंगले शनिवार-रविवारी उघडतात, एरवी बंद. बंद घराला नेट कशाला, असंही मी म्हटलं. त्यावर मात्र त्यांनी प्रत्यक्ष तपासणी केली. तुंगार्लीच्या बाजूला बंगल्याबंगल्यांतून फिरून आले आणि खूश होऊन म्हणाले, "मालक मुंबईत बसून पैसे भरतो आणि इथे माळीबुवा मालिका बघतो. मालक तोडायला निघाला तर माळीबुवा तोडू देणार नाही. याला म्हणतात पक्कं गिऱ्हाईक."

हे सगळं चाललेलं असताना आबांच्या स्वतःच्या घरात नेट नव्हतं. मी सुरुवातीला घाबरतच विचारलं होतं, "आबा, आपणच घेऊ या ना एक जोडणी. मग रोजच कळेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच घ्यायला सांगितलं होतं.

"ज्याचा माल तपासायचा," ते म्हणाले, "त्याच्या घरचा चहा प्यायचा नाही."

त्यामुळे तपासणी दुसऱ्यांच्या घरी. आबा कुणाच्याही दुकानात, घरात, टपरीवर जायचे आणि म्हणायचे, "जरा लावा." काय लावायचं ते ठरलेलं असायचं. आधी त्यांनी जिलेब्या तळण्याचा एक व्हिडिओ निवडला होता, कारण तो मावशींना आवडायचा. पण नेट अडकलं की पडद्यावर गोल चाक फिरतं, आणि ते चाक आहे की जिलेबी हे आबांना चष्मा लावूनही कळेना. म्हणून तो नमुना त्यांनी रद्द केला. मग कुस्तीचा एक फड धरला. एक पैलवान दुसऱ्याला डोक्यावर उचलतो आणि आपटतो. नेट चांगलं असलं तर आपटतो. वाईट असलं तर खालचा थांबतो, वरचाही थांबतो आणि मध्ये चाक फिरतं. आबा हात झटकून उठायचे. "पैलवान हवेत अडकला. रिजेक्ट."

हळूहळू ही बोलीच झाली. लोणावळ्यातली दुकानदार मंडळी एकमेकांना विचारायची, "काय, आज पैलवान कुठे?" "हवेत आहे सकाळपासून." किराणावाल्याने तर तक्रारीच्या फोनवर कंपनीच्या बाईंना तसंच सांगितलं आणि ती बिचारी म्हणे, "सर, रुग्णवाहिकेचा नंबर वेगळा आहे."

आबांचा नियम असा की उन्हाळ्यात चाललेली तपासणी धरायची नाही. "कोरड्या दिवसात सगळेच बूट चांगले." माल बघायचा आषाढ-श्रावणात, जेव्हा आमच्याकडे वारा झाडं घेऊन जातो, खांब वाकतात आणि वीज तर पाहुणीच असते. अशा दिवसांत जी कंपनी तक्रार केल्यावर माणूस पाठवते, ती कंपनी. एक पावसाळा पुरत नाही. एखाद्या वर्षी नशिबानेही निभावतं. निदान दोन.

अशा तपासणीत एकेक कंपनी गळत गेली. शेवटी एक उरली. ती लोणावळ्यात नव्हती, आमच्या गावाकडे होती, म्हणून आबांनी एक पावसाळा आमच्या गावातल्या दुकानात जाऊन ती तपासली. तिचं नाव इथे नको. तिचे घरात लावायचे डबे निळे असत, म्हणून आम्ही तिला निळी कंपनी म्हणायचो. आणि हीच कंपनी माझ्या वडिलांच्याही मनात भरली, तिथून सगळा घोटाळा झाला.

आमच्या शेताचा रस्त्याकडचा एक तुकडा एका हॉटेलवाल्याला विकला गेला होता. वडिलांनी ते पैसे बाजूला ठेवले होते आणि घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. ही पोरीच्या पुन्याची बेगमी." मी पुण्याला जाऊन एम.कॉम. करावं, वसतिगृहात राहावं, हे त्या पैशांवर अवलंबून होतं. ते नसते तर काय झालं असतं तेही ठरलेलं होतं. आत्याने स्थळ आणून ठेवलं होतं, मुलगा वाईट नव्हता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे पुणं सोडून दुसरं कारण नव्हतं.

पण गावात कुणीतरी वडिलांच्या डोक्यात भरवलं की बँकेत पैसा झोपतो, शेअरमध्ये तो कामाला जातो. वडील तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आबांकडे आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आबा, पोरगी सांगती तुमी नेटच्या कंपन्या लय दिस बघताय. आमच्याकडं निळा डबा हाय. झकास चालतोय. सगळं त्यातच टाकावं म्हनतो. तुमी फकस्त व्हय म्हना."

मावशी आतून म्हणाल्या, "अहो, यांना हो म्हणायला वेळ लागतो. मी अनुभवी आहे."

पण आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. इतकी वर्षं तपासलं त्यात कुणाचा पैसा अडकलेला नव्हता, आता समोर एक माणूस मुलीचं पुढचं सगळं घेऊन बसला होता. "सगळं?" त्यांनी विचारलं.

"थोडं टाकून थोडंच वाढतंय."

"या पावसाळ्यानंतर सांगतो," आबा म्हणाले. "मागचा एक पावसाळा तुमच्या गावातला मी पाहिलाय. हा दुसरा. तुमच्याच घरी बसून बघतो."

आणि खरंच त्या पावसाळ्यात ते आमच्या गावी येत राहिले. कामशेतला उतरायचे, मिळेल त्या गाडीने यायचे, ओसरीवर छत्री वाळत घालायचे आणि माझ्या भावाच्या फोनवर कुस्ती लावायला सांगायचे. पैलवान प्रत्येक वेळी आपटला. एकदा वादळात आमच्या वाटेवरचा खांबच आडवा झाला. आबा मुद्दाम दुसऱ्या दिवशी आले. नेट चालू! वडील तर असे बघत होते जसं काही त्यांनीच ती तार ओढली होती. आई म्हणाली, "आबा, कंपनीला आमची काळजी हाय म्हनायची." आबांनी फक्त मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मीही आकडे मांडून बघितले होते. कर्ज होतं, पण आटोक्यात. गिऱ्हाइकं टिकत होती. शेअर महाग नव्हता. माझी गणितं आणि आबांची तपासणी पहिल्यांदाच एका बाजूला आली होती. गणपतीनंतर आबांनी ओसरीवर सगळ्यांसमोर तो शब्द उच्चारला. "पास."

वडिलांनी कामशेतच्या बँकेत शेअरचं खातं काढायचं ठरवलं. धुतलेला शर्ट, टोपी. आबाही लोणावळ्याहून आमच्या गावी आले, कारण माल पास करणाऱ्याने खरेदीला हजर राहायचं असतं म्हणे. आम्ही जीपने निघालो. गाव सुटल्यावर वळणावर खांबाला शिडी लावून बाळू काम करत होता. बाळू आमच्या भागातला केबलवाला. टीव्हीच्या तारा त्याच्या वडिलांच्या, नेटच्या तारा त्याच्या. आबांनी जीप थांबवायला लावली.

"काय हो आबा?" वडील म्हणाले.

"याचे आभार मानायचे राहिलेत." आबा उतरले आणि खालून ओरडले, "बाळू! दोन पावसाळे तुमच्या निळ्या कंपनीने नाव राखलं! मी पास केलंय!"

बाळू शिडीवरून वाकला. "कंची निळी?"

"म्हणजे? हे डबे कुणाचे?"

"डबे व्हय? डबे त्यांचेच. पर ती कंपनी हितनं कवाच गेली, आबा. मागल्या पावसाच्या आधीच. परवडंना म्हनाली. आता मी दुसरीकडनं लाइन घेतो, कधी हिच्याकडनं कधी तिच्याकडनं, जी स्वस्त मिळंल ती. डबे चांगले व्हते, टाकून कशाला द्यायचे? म्हनून तेच ठेवलं."

"आणि मग तो खांब पडला तेव्हा कोण आलं?"

"कोन येनार? मीच. माझं गाव हाय, रातीत नीट न्हाई केलं तर सकाळी माझी आईच शिव्या घालती."

आबा रस्त्यात उभे राहिले. एक दुधाची गाडी हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेली. मी जीपमधून उतरून जवळ गेले तेव्हा ते स्वतःशीच बोलत होते, "सॅम्पल चुकलं. लेबल वाचलं आणि माल बघितलाच नाही." मग वर बघून त्यांनी विचारलं, "बाळू, तुझे शेअर आहेत का रे?"

"शेअर? माझी शिडीसुदिक भाड्याची हाय, आबा."

आबा जीपपाशी आले आणि वडिलांना म्हणाले, "खरेदी रद्द."

वडिलांचा चेहरा मला आठवतो. त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. "रद्द म्हंजी? येवढं बघून?"

"बघितलं ते बाळूला. कंपनीला मी बघितलंच नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, माझ्या आकड्यांत तर कंपनी चांगलीच येते. आमच्या एका गावातून गेली म्हणून काय झालं?" हे मी एवढ्या धिटाईने त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते. माझंच पुणं होतं ते, आणि तरी मी ते पणाला लावायच्या बाजूने बोलत होते.

"तुझे आकडे बरोबर असतील," आबा म्हणाले. "असतीलच. पण तुझे वडील तुझ्या आकड्यांवर विसंबून निघाले नाहीत, माझ्या 'पास'वर निघाले. आणि तो 'पास' खोटा आहे. मी सही मागे घेतो."

जीपवाला म्हणाला, "कुनाला जायाचंय का न्हाई बँकेत?" वडिलांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. मग म्हणाले, "चल. निघालोय तर जाऊ. ठेव तरी करू." पैसे मुदत ठेवीत गेले. बँकेतल्या बाकावर आबा आणि वडील शेजारीशेजारी बसले होते आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बघत नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मावशी मला सांगायच्या, "जेवत नाहीत गं नीट. कुस्तीसुद्धा बघत नाहीत." आबांनी सगळे अहवाल बांधून माळ्यावर टाकले. छत्रीवाल्याने बादली भरून ठेवली तर ते पुढच्या दुकानात निघून गेले. मग एक दिवस मी कॉलेजातून आले तर ते पंख्याखाली उभे राहून नव्या चपलांवर पाणी ओतत होते, तेव्हा मला बरं वाटलं.

त्या ठेवीवर मी पुण्याला आले. वसतिगृहात खोली मिळाली. आत्याचं स्थळ दुसरीकडे जमलं, त्या लग्नात मी जेवूनही आले.

आणि मग निळ्या कंपनीचा शेअर वर जायला लागला. कुणी मोठी कंपनी ती विकत घेणार अशी बातमी होती. मी कॅन्टीनमध्ये फोनवर बघितलं, खरंच आहे का म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तर आणखी वर. घरी फोन केला. वडिलांना गावातल्या पोरांनी आधीच सांगितलं होतं.

"बाबा, वाईट वाटलं का?"

"वाटलं थोडं. जेवलो आन झोपलो." मग म्हणाले, "आबांना कळू देऊ नगंस. मानूस उगीच खचंल."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती बातमी आबांपासून लपवली. मावशी सकाळी वर्तमानपत्राचं बाजारभावाचं पान काढून त्यात भाजी निवडायला बसायच्या आणि पान भिजलं म्हणून सांगायच्या. बाळूला सांगून ठेवलं. किराणावाल्याला सांगितलं. छत्रीवाल्याने तर शपथच घेतली. लोणावळ्याच्या बाजारात बहुधा पहिल्यांदाच असं झालं असेल की एक बातमी सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणीच बोलत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. वडील पेंढी उचलून लाकडी बाकावर आपटत होते, मी मागे दाणे गोळा करत होते. एसटीच्या थांब्याकडून कुणीतरी भराभर येताना दिसलं. आकाश निरभ्र असताना हातात छत्री. आबा. जवळ आले तेव्हा दिसलं, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळलेला.

वडिलांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "आबा! काय झालं? मावशी बऱ्या हायेत न्हवं?"

"न्हाव्याने दुकानात टीव्ही लावलाय," आबा धापा टाकत म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे, निळी कंपनी कुठे गेलीये?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे.

"म्हाईत हाय," वडील म्हणाले.

"कधीपासून?"

"झालं की लय दिस."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगून काय केलं असतं? अर्धीच दाढी केली असती न्हवं?"

आबा हसले नाहीत. त्यांनी छत्री खाली ठेवली आणि वडिलांसमोर हात जोडले. इतक्या वयाचा माणूस, मला बघवेना. "माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. मुलीच्या नावावर आज किती झालं असतं, याचा हिशेब करत मी एवढा रस्ता आलो."

वडिलांनी त्यांचे हात धरून खाली घेतले, त्यांना पेंढ्यांच्या ढिगावर बसवलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी आणलं तेव्हा वडील बोलत होते. "माझा बाप एकदा बाजारात बैल घ्यायला गेलता. दात बघितले, पटंना, मोकळाच परत आला. त्याच बैलानं म्होरल्या साली शर्यतीत पयला नंबर मारला. सारी वाडी हसली बापाला. पर पुढला बैल घेताना बापानं दात बघितलेच की! न बघता घेऊन जिंकला असता, तर त्यो काय शानपना झाला असता व्हय?"

आबा तांब्या हातात धरून बसले होते. त्यांनी वाळलेल्या साबणावरून हात फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, मी पुढे झाले, तर ते हसत होते, इतके की तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं.

"अहो, पण दात बघितले कुठे?" ते म्हणाले. "दोन पावसाळे मी शेजारच्या बैलाचे दात बघत होतो!"